वादळात पडलेला फणस, चौदा महिन्यांची थप्पी आणि पडवीचं छप्पर

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा मी पुण्यात होते आणि आई गावी एकटी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. पाच दिवस फोन लागला नाही. सहाव्या दिवशी शेजारचा मुलगा मोटारसायकल घेऊन रेंज शोधत डोंगरावर गेला आणि त्याच्या फोनवरून आई बोलली. मी बरी आहे, गुरं बरी आहेत, असं सांगून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आजोबांचा फणस पडवीवर आला गं."

तो फणस, एक ऐन आणि एक रायवळ आंबा, अशी तीन झाडं त्या दिवशी पडली. त्याच लाकडाने आम्ही पडवी पुन्हा उभी केली. त्यासाठी पावणेदोन वर्षं लागली आणि त्यातले चौदा महिने लाकूड नुसतं थप्पीत पडून होतं. हे करताना मला विचारायला फारसं कुणी नव्हतं. गावात आता सगळे लोखंडी पाइप आणि पत्रे घालतात. म्हणून जे झालं ते तारीखवार लिहून ठेवते आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीत प्रवासाला लागणारा ई-पास तिसऱ्या अर्जाला मिळाला आणि २८ जूनला मी गावी पोचले. चौदा दिवस माळ्यावर वेगळी राहिले. माळ्याच्या खिडकीतून खाली फणस दिसायचा: मुळं आकाशाकडे, बुंधा पडवीच्या भिंतीवर टेकलेला, खाली वाशांचा आणि कौलांचा चुरा. फांद्यांवरची फणसं सडून सगळीकडे आंबूस वास. वीज ११ जुलैला आली.

तोवर झाडं विकत घेणारे गावात फिरू लागले होते. तिन्ही झाडं मिळून तीन हजार रुपये, तोडून नेण्याचा खर्च त्यांचा. जळाऊ लाकडाचा भाव. रस्ता मोकळा करायची घाई असल्यामुळे बऱ्याच जणांनी दिली, आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. आम्हीही जवळजवळ देऊन टाकली होती. आमच्या घराची दारं ज्यांच्या वडिलांनी केली ते तात्या सुतार त्या संध्याकाळी आले. त्यांनी बुंध्यावर कोयत्याने एक टवका काढला. आतून हळदीसारखं पिवळं लाकूड निघालं. "बाय, ह्यो गाभा तुझ्या आजोबांच्या वयाचा. चुलीत घालू नको. पण बांधायला आज घेऊ नको. वारा लागू दे त्याला."

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण बहुतेक लोक तिथेच हात टेकतात.

फणस, आंबा आणि ऐन ही तिन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी परवानगी लागते, आणि लाकूड गिरणीत न्यायचं तर वाहतुकीचा पास वेगळा. झाड वाऱ्याने पडलेलं आहे म्हणून आपोआप सुटका होईल असं मी धरलं होतं. गिरणीवाल्याने फोनवरच सांगितलं, कागद नसेल तर ओंडका दारातही घेणार नाही. त्याचं बरोबरच होतं.

अर्जासोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, झाडांचे फोटो आणि सहहिस्सेदारांचं संमतीपत्र द्यायचं होतं. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं आहेत. दोन काका वारलेले, त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या, चुलतभाऊ मुंबईत आणि एक बहीण बडोद्याला. सगळे घरात अडकलेले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरची सही पोस्टाने फिरवण्यातच तीन आठवडे गेले. तलाठ्यांनी घराच्या नुकसानीचा पंचनामा केला होता, त्यात "फणसाचे झाड पडून पडवीचे नुकसान" असं वाक्य होतं. त्याची झेरॉक्स मी अर्जाला जोडली आणि तिचा खरंच उपयोग झाला, कारण झाड तोडलेलं नाही, पडलेलं आहे, हे सरकारी कागदावरच आलं होतं. तुमच्याकडे असं काही घडलं तर पंचनाम्यात झाडाची जात लिहून घ्या.

२० जुलैला अर्ज दिला. पोच घेतली, आवक क्रमांक वहीत लिहिला. नंतर प्रत्येक वेळी "कुठला अर्ज?" या प्रश्नाला तो क्रमांक सांगितला की काम पुढे सरकायचं. गणपतीनंतर, २ सप्टेंबरला, वनरक्षक आणि वनपाल जागेवर आले. तिन्ही बुंध्यांचे घेर मोजले, रंगाने नंबर टाकले आणि शिक्क्याच्या हातोड्याने ठसे उमटवले. परवानगी १२ ऑक्टोबरला मिळाली. अर्जापासून बारा आठवडे. त्या वर्षी जिल्ह्यात किती झाडं पडली होती ते पाहता मला हा काळ फार वाटला नाही. वाहतूक पासावर तारखा असतात, म्हणून आधी गिरणीची आणि टेम्पोची तारीख पक्की करा आणि मग पास काढा.

या बारा आठवड्यांत पाऊस कोसळत होता आणि ओंडके उघड्यावर होते. माझी पहिली मोठी चूक इथली.

जुलैच्या मध्यात चेनसॉवाल्याने दोन दिवसांत फांद्या उतरवल्या होत्या आणि पडवीवरचा भार बाजूला केला होता. फणसाच्या बुंध्याच्या दोन्ही तोंडांना तात्यांनी त्याच दिवशी डांबर फासून घेतलं आणि खाली जांभ्या दगडाचे चिरे सरकवून तो जमिनीपासून उचलला. ऐनाचंही तसंच केलं. आंबा मात्र कुंपणाच्या कडेला गवतात पडला होता, वाटेत नव्हता, म्हणून मी म्हटलं तो नंतर बघू. ऑक्टोबरमध्ये पाहिलं तर सालीला सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी. आत लाकूड निळसर-काळं पडलेलं. आंब्याच्या लाकडात मुळात टिकाऊपणा कमी, त्यात साल तशीच, खाली ओलं गवत, वर पाऊस. साडेबावीस घनफूट लाकूड माझ्या आळसाने गेलं. आंबा असेल तर पडल्याबरोबर साल काढा, जमिनीवरून उचला आणि जमेल तितक्या लवकर कापून घ्या. फणसाचा गाभा थांबतो, आंबा थांबत नाही.

७ नोव्हेंबर २०२० ला गिरणीत गेलो. गिरणीतला हिशेब असा: ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. फणसाचा घेर सात फूट, लांबी नऊ फूट. साताचा चौथा भाग पावणेदोन, वर्ग तीनच्या जरा वर, गुणिले नऊ, म्हणजे साधारण साडेसत्तावीस घनफूट. ऐनाचा घेर चार फूट, लांबी वीस, म्हणजे वीस घनफूट. आंबा धरून सत्तर घनफूट झाले आणि कटाईचे घनफुटाला सत्तर रुपये प्रमाणे चार हजार नऊशे दिले. आंबाही कापून पाहिला. त्यातून पट्ट्या आणि जळण एवढंच निघालं.

गिरणीत जाताना काय कापायचं याची यादी घेऊन जा. तिथे करवत सुरू झाली की विचार करायला वेळ मिळत नाही. आमची पडवी चोवीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद. तिला दोन दोन फुटांवर तेरा वासे लागणार होते, दहा फुटी. खांब जुनेच चांगले होते, पण त्यांच्यावरची भाल, म्हणजे वाशांना आधार देणारी आडवी तुळई, मोडली होती, ती आठ-आठ फुटांच्या तीन तुकड्यांत घेऊन सांधे खांबांवर आणायचं ठरलं. ऐनाचे तीन बाय चारचे पंधरा वासे निघाले, म्हणजे दोन जास्तीचे. फणसातून भालीचे तीन तुकडे आणि सव्वा इंची अठरा फळ्या. मला दाराला एक इंची फळी हवी होती, पण लाकूड सुकताना आक्रसतं आणि रंधा मारताना आणखी जातं, म्हणून सव्वा. खोडाच्या अगदी मधोमध जो पोकळसर ठिपका असतो तो कुठल्याही फळीत येऊ द्यायचा नाही, असं तात्यांनी बजावलं होतं. तो आला की तडा तिथूनच सुरू होतो.

ताज्या कापलेल्या फणसाच्या फळीला हात लावला तर तळवा ओला झाला. चीक बोटांना चिकटला. वास गोडसर, पण फळाचा नव्हे. आई टेम्पोतून उतरलेल्या प्रत्येक फळीवरून हात फिरवत होती आणि कुणाला काही बोलत नव्हती.

आता थप्पी.

माझी समजूत अशी की लाकूड सुकवायचं म्हणजे उन्हात टाकायचं. खळ्यात भरपूर ऊन होतं. तात्यांनी ठाम नाही म्हटलं. उन्हात वरचा थर झपाट्याने सुकतो आणि आक्रसू पाहतो, आत पाणी तसंच असतं, म्हणून तो फाटतो. लाकूड सावलीत, वाऱ्यावर सुकतं. घराच्या उत्तरेला गोठ्यापासून तीन फूट सोडून जागा निवडली. गवत खरवडून काढलं. आमच्याकडे दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि पहाटे डोंगराकडून, पूर्वेकडून. म्हणून फळ्या दक्षिण-उत्तर ठेवल्या, म्हणजे वारा थप्पीच्या रुंदीतून आरपार जाईल.

पायासाठी जांभ्याचे चिरे. दोन चिरे एकावर एक, जमिनीपासून दीड फूट उंची. अशा पाच ओळी, साधारण दोन दोन फुटांवर. त्यांच्यावर पडवीचे मोडके वासे आडवे टाकले. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून पाचही ओळी एका पातळीत आहेत का ते पाहिलं. एक ओळ पाऊण इंच खाली होती, तिच्याखाली कौलाचे तुकडे सरकवले. यात मला अर्धा दिवस लागला आणि दुसरा गडी कंटाळला. पण पाया वाकडा असला तर वरची प्रत्येक फळी त्या वाकात सुकते, आणि सुकल्यावर तो वाक निघत नाही.

भालीचे तीन जाड तुकडे तळाला. मग पट्ट्या. प्रत्येक दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. एका थरात चार फळ्या, शेजारच्या दोन फळ्यांत बोटभर फट. पट्ट्या पाच, बरोबर पायाच्या पाच ओळींवर. पुढच्या थराच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या नेमक्या डोक्यावर. हे मी तीनदा लिहीन इतकं महत्त्वाचं आहे. पट्टी सहा इंच सरकली तर वरचं वजन फळीच्या अधांतरी भागावर येतं आणि फळी तिथे लवते. तात्या दर थरानंतर उकिडवे बसून एक डोळा मिटून बाजूने पाहायचे. तळापासून वरपर्यंत पट्ट्यांची एक सरळ रेघ दिसली तरच पुढचा थर.

दुसरी चूक पट्ट्यांचीच. गिरणीतून आंब्याच्या पट्ट्या नुकत्याच कापून आणल्या होत्या, त्या ओल्याच मी थरांमध्ये घातल्या. आठ दिवसांनी वरची एक फळी उचलून पाहिली तर पट्टीखाली काळसर डाग आणि कापसासारखी पांढरी बुरशी. पट्टी स्वतःच ओली, मग तिच्याखालची जागा कशी सुकणार? सगळी थप्पी उतरवली. मोडक्या छपरातून निघालेल्या, साठ वर्षं धूर खाल्लेल्या रिपा होत्या. त्या तात्यांनी एका जाडीच्या तासून दिल्या आणि त्या घालून थप्पी पुन्हा रचली. चार फळ्यांवर तो आडवा डाग कायमचा राहिला. रंध्यानेही पूर्ण गेला नाही.

फळ्यांच्या तोंडांना जुना ऑइलपेंट दोन हात लावला. पाणी तोंडाकडून फार वेगाने निघतं, म्हणून तडे तिथेच पडतात. हा रंग कापल्याच्या दिवशीच लावा, मी दुसऱ्या दिवशी लावला तोवर दोन फळ्यांना केसाएवढ्या चिरा पडलेल्या होत्या. वर उतरते पत्रे, चारी बाजूंनी दोन फूट बाहेर काढलेले, पण थप्पीला टेकलेले नाहीत, मध्ये हातभर हवा. सगळ्यात वरच्या थरावर, पट्ट्यांच्या रेघेवर, चिऱ्यांचं वजन. ऐनाची थप्पी वेगळी. १९ नोव्हेंबरला, दिवाळी संपताना, दोन्ही थप्प्या उभ्या राहिल्या.

लाकूड किती सुकलं हे कळायचं कसं? तात्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून सांगतात. मला तो कान नाही. मी एक पिनांचं ओलमापक यंत्र मागवलं, एकोणीसशे रुपयांचं. पिना वरवरच जातात, त्यामुळे जाड लाकडात ते पृष्ठभागाचीच ओल दाखवतं आणि आतलं पाणी लपतं. माझा जास्त विश्वास वजनावर बसला. पद्धत अशी: कापतानाच एका फळीच्या टोकापासून फूटभर आत एक तुकडा काढायचा (टोकाचा नको, तो आधीच सुकलेला असतो) आणि लगेच वजन करायचं. माझा तुकडा ४१२ ग्रॅम होता. पुण्याहून आणलेल्या छोट्या ओव्हनमध्ये तो साधारण १०३ अंशांवर ठेवला आणि दर काही तासांनी वजन केलं. दोन दिवसांनी वजन उतरायचं थांबलं, २४६ ग्रॅमवर. म्हणजे १६६ ग्रॅम पाणी. पाण्याला कोरड्या वजनाने भागायचं: ६७ टक्के ओल. त्या दोन दिवसांत सगळ्या घराला फणसाचा वास होता.

तुकडा काढला त्याच्या शेजारची फळी नमुना म्हणून ठेवली. ती त्या दिवशी ताणकाट्यावर १६ किलो २०० ग्रॅम भरली. म्हणजे पूर्ण कोरडी झाली तर साधारण ९ किलो ६७० ग्रॅम. ती वरच्या थराच्या कडेला ठेवली, म्हणजे काढता-घालता येईल. डिसेंबरअखेर १३ किलो ५००, म्हणजे ४० टक्के. फेब्रुवारीअखेर ११ किलो ९००, २३ टक्के. एप्रिलअखेर ११ किलो १००, म्हणजे १५ च्या आसपास. पहिल्या दीड महिन्यात पावणेतीन किलो पाणी गेलं आणि पुढच्या चार महिन्यांत मिळून अडीच किलोही नाही. मोकळं पाणी भरभर निघतं, पण साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेलं की पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी सुटायला लागतं आणि लाकूड आक्रसतं ते तेव्हापासून. वाकणं, पिळणं, तडे, सगळं त्याच टप्प्यावर. म्हणून जानेवारीनंतर मी रोज सकाळी थप्पीभोवती एक फेरी मारायचे.

मार्चमध्ये ऐनाने घाबरवलं. सकाळी पूर्वेकडचा कोरडा गरम वारा सुटायचा आणि वाशांवर टक टक आवाज यायचे. जवळ गेल्यावर कळलं, लाकूड तडकत होतं. ऐन कणखर, पण सुकताना फाटायची त्याची खोड. थप्पीच्या पूर्वेला गोणपाटं लावली, वारा अडवायला नाही, मंद करायला. तरी दोन वासे अर्ध्या लांबीपर्यंत फाटले. जास्तीचे दोन कापले होते ते तिथे गेले. आता हाती बरोबर तेरा. रात्री झोपताना मी तेरा मोजायचे.

आणि १६ मे २०२१ ला तौक्ते आलं. वर्ष भरायच्या आत दुसरं वादळ. यावेळी मी घरी होते. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी आणि शेजारच्या मुलाने पत्रे नायलॉनच्या दोरीने खालच्या चिऱ्यांना आवळून बांधले. तरी रात्री एक पत्रा सुटला. त्याचा आपटण्याचा आवाज ऐकत आई आणि मी माजघरात बसून होतो. बाहेर जाण्यात अर्थ नव्हता. सकाळी वरचा थर भिजलेला. मला वाटलं सहा महिने पाण्यात गेले. तात्या आले, फळी उचलली, पुसली. "वरून पडलेलं पाणी वरच्यावर जातं, बाय. आतलं जायला वेळ लागतो." आठ दिवसांत त्या फळीचं वजन जवळपास पूर्वीच्या ठिकाणी आलं. फक्त पट्ट्यांखाली पाणी अडकलं होतं, तिथे फळ्या उचलून कोरडं करावं लागलं.

पावसाळ्यात लाकूड सुकत नाही. उलट हवेतली ओल पितं. ऑगस्टमध्ये नमुन्याची फळी ११ किलो ६०० भरली, म्हणजे परत २० टक्के. मी हिरमुसले. मग वाचलं, की भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ मध्ये हवेच्या दमटपणावरून देशाचे चार विभाग केले आहेत. आपली किनारपट्टी त्यातल्या सर्वांत दमट विभागात येते, आणि तिथे तुळया-वाशांना २० टक्क्यांपर्यंत ओल चालते. लाकूड शेवटी जिथे राहणार तिथल्या हवेशी त्याला जुळायचं असतं. नागपूरला सुकवलेली फळी आमच्याकडे फुगेल, आमची तिकडे नेली तर आक्रसेल. लाकूड हाडासारखं कोरडं करण्याचा हट्ट मी त्या दिवशी सोडला.

सप्टेंबरात ऐनाच्या दोन वाशांच्या पांढऱ्या कडेला, म्हणजे गाभ्याबाहेरच्या सालीकडच्या लाकडाला, किडीची भुकटी दिसली. दीड भाग टाकणखार (बोरॅक्स) आणि एक भाग बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून सगळ्या वाशांना आणि फळ्यांच्या पांढऱ्या कडांना ब्रशने दोनदा लावलं. गाभ्याला कीड लागली नव्हती. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून छपराखाली राहणाऱ्या लाकडालाच लावा, आणि लावताना हातमोजे घाला.

डिसेंबर २०२१ मध्ये नमुना ११ किलो २०० वर स्थिरावला. तीन आठवडे काटा हलला नाही. १६ टक्के. वासे अठराच्या आसपास. भालीचे तुकडे मात्र नव्याने कापलेल्या तोंडावर अजून २३ दाखवत होते. चार इंच जाडीला हा काळ पुरत नाही. त्यांच्यासाठी आणखी वर्षभर थांबायचं का, यावर आमची घरात बरीच चर्चा झाली. तात्या म्हणाले, भाल वजनाखाली सुकेल, फक्त सांधे आता करकचून आवळायचे नाहीत, खिळ्याऐवजी बोल्ट घालायचे आणि वर्षाने पिळायचे. तसंच केलं.

१२ जानेवारी २०२२ ला भाल चढली. १७ ला तेरावा वासा बसला आणि २३ ला शेवटची कौलं. अठरा फळ्यांपैकी पंधरा कामाच्या निघाल्या, दोन पिळल्या आणि एक तड्यांनी गेली. नऊ इंचांच्या फळ्या पावणेनऊ झाल्या होत्या. त्यातून पडवीचं दार आणि दोन खिडक्या झाल्या.

खर्च विचारतात म्हणून लिहिते. चेनसॉ ३,६००, टेम्पो आणि ओंडके उचलणं दोन्ही खेपांचं ६,५००, कटाई ४,९००, स्टॅम्पपेपर, झेरॉक्स आणि हेलपाटे १,४००, यंत्र १,९००, रंग आणि डांबर ६५०, दोरी आणि दोन पत्रे १,९००, टाकणखार वगैरे १,१५०, थप्पी रचायला दोन गडी १,०००. एकूण २३,००० रुपये, सुतारकामाची मजुरी सोडून. हाती आलं साधारण पंचवीस घनफूट लाकूड. म्हणजे घनफुटाला नऊशे वीस पडले. पैसे वाचावेत एवढ्यासाठी कुणी यात पडू नये. आम्हाला तो फणस हवा होता.

दार पिवळं होतं, वर्षभरात मधासारखं तांबूस झालं. खालच्या फळीवर आंब्याच्या पट्टीचा तो आडवा डाग आहे. तात्या ती फळी आतल्या बाजूला लावणार होते, आईने बाहेर लावायला सांगितली.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आठ दिवस आधी, दार चौकटीला घासायला लागलं. खाली कडी लागेना. मी रंधा मागायला तात्यांकडे गेले. त्यांनी दिला नाही. "दिवाळीपर्यंत हात लावू नको." गणपतीत दार उघडंच ठेवलं, आल्यागेल्याला बरंच झालं. ऑक्टोबरात वारा फिरला, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईने दार ओढून घेतलं तेव्हा कडी एका बोटाने बसली.